बाईची मजुरी कमी का? सरकारी कागदांतली उत्तरे

सारखे काम करूनही बाईच्या हातात कमी पैसे का पडतात, हा प्रश्न आपल्या सरकारी दफ्तरात शंभर वर्षांहून जास्त काळ आहे. चौकशी समित्यांचे अहवाल, विधिमंडळातील भाषणे, घटनेचा मसुदा, कायद्याखालच्या नोंदवह्यांचे नमुने, केंद्र सरकारच्या घोषणा आणि न्यायालयांचे निकाल, असे त्याचे कागद आहेत. या कागदांत आकड्यांच्या जोडीने कारणेही लिहिलेली आहेत: बाईला कमी देणे रास्त का, याची कारणे. ती कारणे इथे काळाच्या क्रमाने मांडतो आहे. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी पाहायच्या आहेत. कागद कोणी आणि कशासाठी लिहिला, त्यात फरकाचे कोणते कारण दिले, आणि ते कारण पुढे कोणी तपासले का.

मुंबईचे पहिले तक्ते

मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कार्यालय स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केले. पहिल्या महायुद्धानंतर महागाई भडकली होती, गिरण्यांत संपामागून संप होत होते, आणि कामगाराला नेमके किती मिळते याची भरवशाची माहिती सरकारजवळ नव्हती. या कार्यालयाचे प्रमुख जी. फिंडले शिरास यांनी कापड गिरण्यांतील वेतन आणि कामाचे तास यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली निघाला. त्यात पुरुष, स्त्रिया आणि मुले यांच्या कमाईचे आकडे वेगवेगळे दिले आहेत. स्त्रियांचा रकाना स्वतंत्र ठेवला गेला, म्हणूनच त्या काळच्या फरकाबद्दल आज काही बोलता येते.

हे तक्ते मात्र जपून वाचावे लागतात. मुंबईच्या गिरण्यांत बहुतेक बायका वाइंडिंग (सूत गुंडाळणे) आणि रिळिंग (सुताच्या लडी करणे) या दोन खात्यांत होत्या. सूतकताईची बरीचशी यंत्रे आणि साचेखाते पुरुषांकडे होते. त्यामुळे सर्व स्त्रियांची सरासरी आणि सर्व पुरुषांची सरासरी शेजारी ठेवली तर मोठा फरक दिसतो, पण एकाच यंत्रावर काम करणारे एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी तक्त्यात मिळत नाही. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशन ऑन लेबर १९२९ साली नेमले गेले आणि १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला. गिरणीतल्या बायांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीची पद्धत त्या आयोगापुढे आली. मोठ्या कारखान्यांत स्त्री कामगारांच्या देखरेखीसाठी आणि कल्याणासाठी सुशिक्षित स्त्री नेमावी, अशी शिफारस त्याने केली. बायांना वाइंडिंग-रिळिंगबाहेर काम का मिळत नाही, हा प्रश्न मात्र वेतनाच्या चौकशीचा विषय झाला नाही.

कागदांतले पहिले उत्तर हे असे: बाईचे कामच वेगळे, म्हणून मजुरी वेगळी. कामाची वाटणी कोणी केली हे या उत्तरात येत नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक कागदात हे उत्तर पुन्हा भेटते, म्हणून ते लक्षात ठेवायला हवे.

खाणीतला अपवाद

दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली. कोळसा खाणींत जमिनीखाली स्त्रियांना काम देण्यावर १९३७ पासून पूर्ण बंदी होती. सरकारने १९४३ साली ती तात्पुरती उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर कडक टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये उत्तर देताना आंबेडकरांनी एक मुद्दा आवर्जून नोंदवला: खाणीत उतरणाऱ्या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल अशी तजवीज केली आहे, आणि लिंगभेद न करता सारख्या कामाला सारखी मजुरी हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच प्रस्थापित होत असावे.

या भाषणाचे साक्षीमूल्य नीट ठरवले पाहिजे. प्रत्येक खाणीत प्रत्येक बाईच्या हातात तेवढीच रक्कम पडली, हे भाषणावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते असे की देशाच्या मजूर खात्याच्या प्रमुखाने हे तत्त्व सभागृहात सरकारी धोरण म्हणून मांडले, तेही राज्यघटना लागू होण्याच्या सहा वर्षे आधी. इथे बाईचे कुटुंब लहान आहे किंवा तिची ताकद कमी आहे अशी सबब सरकारने पुढे केली नाही. कोळसा हवा होता, माणसे कमी होती, आणि अटी ठरवण्याची सत्ता सरकारच्या हाती होती. बंदी १९४६ साली पुन्हा लागू झाली. जमिनीखालच्या बायकांचे ते काम गेले आणि समान मजुरीचा हा प्रयोग त्याबरोबर संपला.

लहान कुटुंबाचा हिशेब

काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीने १९३९ साली स्त्रियांच्या स्थानाचा विचार करण्यासाठी एक उपसमिती नेमली. तिच्या अध्यक्ष होत्या राणी लक्ष्मीबाई राजवाडे. नियोजित अर्थव्यवस्थेतील स्त्रीची भूमिका या विषयावरचा तिचा अहवाल १९४७ साली मुंबईतून पुस्तकरूपाने निघाला. स्त्रीकडे कुटुंबातील आश्रित म्हणून न पाहता स्वतंत्र आर्थिक घटक म्हणून पाहावे, ही त्याची मूळ भूमिका होती, आणि समान कामाला समान वेतन ही मागणी त्यातूनच येत होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीने मार्गदर्शक तत्त्वांच्या कलमांवर चर्चा केली. समान वेतनाचे तत्त्व त्यात टिकले आणि आज ते अनुच्छेद ३९(घ) मध्ये आहे. मात्र अनुच्छेद ३७ नुसार मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयामार्फत थेट अमलात आणता येत नाहीत. तत्त्व मान्य झाले, पण ते मागायला बाईने जायचे कुठे, हे ठरले नाही.

त्याच सुमारास सरकारी यंत्रणेच्या दुसऱ्या दालनात वेगळाच हिशेब चालू होता. १९४८ साली नेमलेल्या न्याय्य वेतन समितीत सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजूंचे प्रतिनिधी होते. किमान वेतन, न्याय्य वेतन आणि निर्वाह वेतन या आज रुळलेल्या पायऱ्या तिनेच आखल्या. स्त्रियांच्या बाबतीत तिने दोन भाग केले. काम नगावर असेल किंवा स्त्री-पुरुषांचे काम उघडपणे एकच असेल तर मजुरीत फरक नको, असे तिने सांगितले. पण जे काम केवळ स्त्रियाच करतात, किंवा जिथे त्यांची कार्यक्षमता कमी असल्याचे मान्य आहे, तिथे स्त्रीचे वेतन लहान कुटुंबाच्या गरजेवर काढणे रास्त आहे, असेही तिने लिहिले.

हा परिच्छेद मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत परिणामकारक वाटतो. पहिल्या भागात समितीने समानता दिली आणि दुसऱ्या भागात जवळजवळ सगळी काढून घेतली. गिरणीतल्या वाइंडिंग-रिळिंगपासून शेतातल्या लावणी-खुरपणीपर्यंत बहुतेक बाया नेमक्या ‘केवळ स्त्रियाच करतात’ अशा कामात होत्या. त्यांचे वेतन कामावरून ठरायचे नव्हते, त्यांच्या कल्पित कुटुंबावरून ठरायचे होते. विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्याचा रोजगार गेलेली बाई या कल्पनेत बसत नव्हती. पुरुषाचे वेतन ठरवताना तो अविवाहित आहे का, असे समितीने विचारले नाही.

जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरवले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके धरायची होती. रूढ हिशेबात त्यांची फोड अशी होते: पुरुष १, स्त्री ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. कुटुंबातील स्त्रिया आणि मुले यांची कमाई हिशेबात धरायची नाही, असे सूत्रातच म्हटले होते. न्यायाने हेही सांगायला हवे की या सूत्राचा हेतू कामगाराच्या हिताचा होता. बायको-मुले कमावतात म्हणून मालकाने पुरुषाची मजुरी कापू नये, यासाठी ती अट होती. सूत्रानुसार निघालेले किमान वेतन बाईलाही तेवढेच दिले तर तिचे नुकसान होत नाही. पण कमावता म्हणजे पुरुष आणि बाईची कमाई म्हणजे वरची भर, ही समजूत या सूत्राने देशाच्या वेतनधोरणाच्या पायात घातली.

दुसरे उत्तर असे नोंदले गेले: बाईची गरज कमी, म्हणून मजुरी कमी.

समितीचा अहवाल आणि कायदा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ साली समान मोबदल्याचा करार क्रमांक १०० मंजूर केला. भारताने त्याला २५ सप्टेंबर १९५८ रोजी मान्यता दिली. समान मूल्याच्या कामाला समान मोबदला, ही या कराराची कसोटी आहे. दोन कामे वेगळी असली तरी त्यांना लागणारे कसब, श्रम आणि जबाबदारी तोलून त्यांचे मूल्य काढावे, असा तिचा अर्थ. करार मान्य करून सतरा वर्षे होत आली तरी देशात त्यासाठी कायदा नव्हता.

केंद्र सरकारने सप्टेंबर १९७१ मध्ये भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयी समिती नेमली. डॉ. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. मुंबईच्या कामगार नेत्या मणिबेन कारा, समाजशास्त्रज्ञ लीला दुबे आणि कायद्याच्या प्राध्यापक लोतिका सरकार सदस्यांत होत्या. ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा तिचा अहवाल १९७४ च्या अखेरीस पुरा झाला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांचे आर्थिक स्थान आपोआप सुधारत जाईल, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत होती. समितीने सरकारचेच जनगणनेचे आणि रोजगाराचे आकडे घेऊन ती खोडून काढली. उत्पन्नाच्या कामातला स्त्रियांचा वाटा घटत होता. न्याय्य वेतन समितीचा लहान कुटुंबाचा युक्तिवादही तिने तपासणीला घेतला, आणि समान वेतनाचे मार्गदर्शक तत्त्व कायद्यात उतरवावे अशी शिफारस केली.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. २६ सप्टेंबर १९७५ रोजी समान वेतनाचा अध्यादेश निघाला आणि १९७६ च्या फेब्रुवारीत त्याचा कायदा झाला. देशात आणीबाणी होती. वटहुकूम निघाला तेव्हा संसदेत त्यावर खुली चर्चा झालेली नव्हती, ही नोंदही या इतिहासात असायला हवी.

कायद्याची रचना विचारपूर्वक केलेली होती. कलम ३ ने त्याला आधीच्या करारांवर, निवाड्यांवर आणि सेवाशर्तींवर वरचष्मा दिला. कलम ४ ने समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामाला कमी वेतन देण्यास मनाई केली. पुरुषांचे वेतन खाली आणून समानता साधायलाही मनाई केली. दोन दर असतील तर वरचा दर दोघांना द्यायचा होता. वेतन सारखे करावे लागते म्हणून मालक बायकांना कामावर घेणेच थांबवेल, ही भीती रास्त होती. म्हणून कलम ५ ने भरतीत भेदभावाला मनाई केली. कलम ६ खालच्या सल्लागार समितीत किमान दहा सदस्य आणि त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरले.

इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद कायद्याच्या नियमांत आहे. तो म्हणजे मालकाने ठेवायच्या नोंदवहीचा नमुना ‘ड’. कामगारांचा वर्ग, कामाचे थोडक्यात वर्णन, पुरुष किती, स्त्रिया किती, वेतनाचा दर, आणि मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे असे त्याचे घटक, हे सगळे एका ओळीत लिहायचे होते. १९२३ च्या तक्त्यात न सापडणारी जोडी या नमुन्यात सापडू शकत होती. अट एकच होती: नोंदवही खरी लिहिली पाहिजे आणि निरीक्षकाने ती उघडून पाहिली पाहिजे.

कायद्यात एक पळवाटही होती. कलम १६ नुसार, एखाद्या आस्थापनेतील वेतनाचा फरक लिंगावर आधारलेला नाही असे सरकारला वाटले तर ते तशी घोषणा करू शकत होते. त्या घोषणेनंतर तो फरक कायद्याचा भंग ठरत नव्हता.

१९७९ ची घोषणा

१५ जून १९७९ रोजी केंद्र सरकारने नेमकी अशी घोषणा एअर इंडियाच्या हवाई सुंदरी आणि विमानातील पुरुष कर्मचारी यांच्याबाबत केली. वेतन आणि इतर बाबतींतला फरक सेवाशर्ती वेगळ्या असल्यामुळे आहे, लिंगभेदामुळे नाही, असे तिच्यात म्हटले होते. एअर इंडिया हे सरकारच्याच मालकीचे महामंडळ होते. म्हणजे मालक आणि घोषणा करणारा एकच होता.

एअर इंडियाच्या हवाई सुंदरी नर्गेश मिर्झा यांच्या प्रकरणाचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट १९८१ मध्ये आला. हवाई सुंदरींची निवृत्ती ३५ व्या वर्षी होई आणि ती ४५ पर्यंत लांबवणे व्यवस्थापनाच्या मर्जीवर होते. पुरुष पर्सर ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत राहत. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याची अट न्यायालयाने अतिशय कठोर शब्दांत रद्द केली, आणि मुदतवाढीचा मनमानी अधिकारही रद्द केला. मात्र दोन्ही वर्ग वेगळे संवर्ग आहेत, त्यांची भरती, बढती आणि सेवाशर्ती वेगळ्या आहेत, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. त्यासाठी १९७९ च्या घोषणेचाही आधार घेतला. एकाच विमानाच्या एकाच केबिनमध्ये काम करणाऱ्या दोघांची तुलना तिथेच थांबली.

गिरणीच्या तक्त्यांतले पहिले उत्तर इथे नव्या रूपात परत आले. तिथे काम वेगळे होते. इथे काम एकत्र होते, पण संवर्ग वेगळा ठेवला होता.

नऊ रुपये पंचवीस पैसे

१९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत क्रीडांगणे, उड्डाणपूल आणि वसाहती बांधल्या जात होत्या. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने तीन समाजशास्त्रज्ञांना बांधकामांवर पाठवून पाहणी करवली आणि तिच्या आधारे न्या. पी. एन. भगवती यांना पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानले गेले. निकाल १८ सप्टेंबर १९८२ चा आहे.

निकालात नोंदलेले आकडे असे: किमान वेतन रोजचे ९ रुपये २५ पैसे. कंत्राटदार मजुरी जमादारांमार्फत वाटत. जमादार प्रत्येकाकडून एक रुपया दलाली कापून घेई, म्हणजे हातात ८ रुपये २५ पैसे येत. स्त्रियांना मात्र रोज ७ रुपयेच दिले जात आणि उरलेले जमादाराकडे राहत, अशी तक्रार होती.

या आकड्यांतून दिसते की फरक दरात नव्हता. कागदोपत्री दर दोघांचा एकच होता आणि तूट वाटपाच्या वेळी पडत होती. अशा ठिकाणी नोंदवहीत समानताच दिसली असती. केवळ मालकाच्या कागदांवर विसंबून लिहिलेला अहवाल हा भेद पाहू शकला नसता. तो दिसला, कारण कोणीतरी बांधकामावर जाऊन बायांना हातात किती पडते ते विचारले.

मजूर कंत्राटदाराचे आहेत, आपले नाहीत, असे म्हणून सरकार आणि सरकारी संस्था हात झटकू शकत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. समान वेतन कायद्याचा भंग हा अनुच्छेद १४ मधील समानतेच्या हक्काचाही भंग आहे, असे त्याने म्हटले. कामगार कायदे मोडणाऱ्यांना दंडाधिकारी नाममात्र दंड करून सोडतात, यावरही निकालात ताशेरे आहेत.

सात हजार एकशे शहाण्णव रुपये

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डी’कोस्टा या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडून दिलेल्या लघुलेखिकांचा तो वर्ग होता. पुरुष लघुलेखक सामायिक विभागात काम करत. १३ जून १९७७ रोजी डी’कोस्टा यांची सेवा समाप्त झाली. त्यानंतर त्यांनी तक्रार केली, की कायदा लागू झाल्यापासून तेवढ्याच सेवेच्या पुरुष लघुलेखकांपेक्षा आपल्याला कमी वेतन मिळाले.

या प्रकरणात कारणांची सगळी मालिका एका जागी भेटते. कंपनी म्हणाली, वेतनश्रेणीत फरक नाही. कंपनी असेही म्हणाली, की वरिष्ठांकडच्या लघुलेखिकांचे काम वेगळे आहे. पहिल्या प्राधिकाऱ्याने दोघांचे काम सारखेच आहे हे मान्य केले, तरी तक्रार फेटाळली. कारण काय, तर १९७५ साली व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यात वेतनाचा करार झाला होता. म्हणजे बाईचे वेतन कमी ठेवण्यावर तिच्या संघटनेचीही सही होती. हे सगळ्यांत बोचणारे उत्तर आहे. मालक आणि संघटना समोरासमोर बसले, तेव्हा मूठभर लघुलेखिकांचे म्हणणे मांडायला तिथे कोण होते, हे करार सांगत नाही.

अपील प्राधिकाऱ्याने उघड भेदभाव झाल्याचा निष्कर्ष काढला आणि २६ ऑक्टोबर १९७५ ते १३ जून १९७७ या काळाची थकबाकी म्हणून ७,१९६ रुपये ६७ पैसे देण्याचा आदेश दिला. हा काळ साडेएकोणीस महिन्यांचा. म्हणजे फरक महिन्याला सरासरी ३७० रुपयांच्या आसपास येतो. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात हरली, खंडपीठापुढेही हरली, आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ रोजी न्या. ई. एस. वेंकटरामय्या यांनी लिहिलेल्या निकालाने तिथेही ती हरली. नोकरी संपल्यापासून निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे लोटली होती.

न्यायालयाने कामाकडे पाहिले. कामात व्यवहारात महत्त्वाचा ठरेल असा फरक आहे का, एवढेच पाहावे, बारीकसारीक भेद मोजत बसू नये, असे त्याने सांगितले. त्या जागांवर फक्त स्त्रिया आहेत, कारण व्यवस्थापनाने तिथे फक्त स्त्रिया नेमल्या, आणि मालकाने पाडलेली ही प्रथा मालकाच्याच बचावासाठी वापरता येणार नाही. संघटनेशी झालेला करार कायद्यापुढे टिकत नाही. कंपनीची आर्थिक स्थिती बेताची आहे, हेही कमी वेतनाचे कारण होऊ शकत नाही. १९२३ च्या तक्त्यांना जो प्रश्न विचारला गेला नव्हता, तो इथे विचारला गेला: ही वाटणी केली कोणी?

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. भरतीबरोबर बढती, प्रशिक्षण आणि बदलीतल्या भेदभावालाही मनाई झाली, आणि मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थांना तक्रार करण्याची वाट मोकळी झाली.

हे यश कोणत्या परिस्थितीत मिळाले, तेही पाहिले पाहिजे. त्याच कंपनीत पुरुष लघुलेखक होते, त्यांचे वेतन लेखी होते, आणि तक्रार करणारी स्त्री शिकलेली होती. या तीन गोष्टींपैकी एक जरी नसती तर खटला उभा राहणे कठीण होते.

रोजगार हमीचे मोजमाप

शेतमजूर बाईजवळ या तीनपैकी काहीच नव्हते. महाराष्ट्रात तिच्यासाठी वेगळ्या वाटेने काही घडले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मजुरी झालेल्या कामाच्या मोजमापावर होती आणि दर स्त्री-पुरुषांना एकच होता. कामावर बायकांची संख्या मोठी होती.

मोजमापाने बाईच्या कुटुंबाचा आणि ताकदीचा प्रश्न बाजूला सारला. किती माती निघाली, एवढेच पाहायचे होते. तरी टोळीत खोदणे पुरुषांकडे आणि माती वाहणे बायांकडे राहिले, मोजमाप टोळीचे झाले, आणि आतली वाटणी टोळीवर सोडली गेली. दर समान करणे सरकारला जमले. कामाची वाटणी जुन्याच चालीने राहिली.

आजची स्थिती

२०१९ च्या वेतन संहितेने १९७६ चा कायदा आपल्यात सामावून घेतला, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या कलम ३ मध्ये लिंगावरून वेतनात भेद करण्यास मनाई आहे, पण कसोटी जुनीच आहे: समान किंवा सारख्या स्वरूपाचे काम. २०२० साली केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत तीन उपभोग-एककांचे कुटुंबही कायम होते. फरक इतकाच की तिथे आता पुरुष आणि पत्नी यांच्या जागी कामगार आणि जोडीदार आले.

शंभर वर्षांचे हे कागद वाचून माझा निष्कर्ष असा आहे. काम वेगळे, गरज कमी, संवर्ग वेगळा, मजूर कंत्राटदाराचे, करार संघटनेशी झालेला: यातले एकही कारण आधी असून मग त्यावरून मजुरी ठरली असे कागदांत दिसत नाही. मजुरी आधीच कमी होती आणि कारण विचारल्यावर शोधले गेले. जिथे स्त्रीचा आणि पुरुषाचा आकडा एकाच ओळीत आला आणि कोणीतरी तो तपासला, तिथे कारण टिकले नाही. जिथे सगळ्या बायाच होत्या, तिथे तुलनेला दुसरा आकडाच मिळाला नाही, आणि कायदा तिथवर पोचला नाही. आज अंगणवाडीत, घरकामात आणि शेतातल्या खुरपणीवर असलेल्या बायकांची अडचण हीच आहे.

म्हणून दोन गोष्टींची मागणी करायला हवी. मोठ्या आस्थापनांच्या वेतनाच्या नोंदी स्त्री-पुरुषवार जाहीर व्हाव्यात, आणि वेगवेगळ्या कामांचे मूल्य तोलण्याची पद्धत कायद्यात यावी. दुसरी मागणी नवी नाही. भारताने ती १९५८ साली सही करून मान्य केली आहे, आणि ‘समान मूल्याचे काम’ हे शब्द २०१९ च्या संहितेतही आलेले नाहीत.